गणपतीतले दोन लाख उरलेत, अलिराजपूरला शिबिर घ्यावं का?

रामबागकर
१३ सप्टेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

यंदा आमच्या इंदुरातल्या मंडळाने ऑर्केस्ट्रा रद्द केला, रोषणाई निम्म्यावर आणली आणि विसर्जनानंतर हिशेब लागला तेव्हा २ लाख १० हजार शिल्लक निघाले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. खजिनदारांनी तीनदा बेरीज केली. पैसा उरला की मतं उगवतात. कुणी म्हणालं पुढच्या वर्षाला ठेवा, कुणी म्हणालं स्पीकर घेऊन टाका. शेवटी ठरलं की आदिवासी भागात आरोग्य शिबिर करायचं, अलिराजपूर जिल्ह्यात, सोंडव्याच्या बाजूला.

बेत असा: पितृपक्ष संपला की एका रविवारी पहाटे ४ ला दोन बस, ओळखीचे ६ डॉक्टर, तपासणी, लोहाच्या गोळ्या, लहान मुलांना प्रोटीन पावडरचे डबे, बिस्किटं, ब्लँकेटं. रात्री परत. बॅनर छापूनही आला आहे.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "फोटोच काढायचेत तर दोनशे किलोमीटर कशाला, राजवाड्यासमोर काढा." तेव्हापासून जरा खुपतंय. तिकडचा अनुभव असलेल्यांनी सांगा, करावं का? आणि न्यावं काय?

पोहेवाला
१३ सप्टेंबर, रात्री ९:२०

बॅनर आधी, गाव नंतर. एकदम इंदुरी काम आहे भिया. बसमध्ये जागा असेल तर सांगा, पोहे-जिलेबी माझ्याकडून. गंगवाल बस स्टँडवरूनच निघणार ना?

हिशेबी
१३ सप्टेंबर, रात्री ९:४१

वहिनींना अनुमोदन. धागा इथेच बंद करता येईल.

स्टेथो
१३ सप्टेंबर, रात्री ११:०५

बंद करू नका, लिहायचं आहे.

इथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडल्यावर सक्तीच्या सरकारी सेवेची, म्हणजे बाँडची, दोन वर्षं मी त्याच जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली. कागदावर आदिवासी भागात २० हजार लोकांमागे असं एक केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र. पण गाव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर जे येतं, पार, देऊळ, वेशीच्या आत घरं, तसं तिकडे नसतं. गाव फळियांमध्ये, म्हणजे सुट्या वस्त्यांत, विखुरलेलं. एक घर या टेकडीवर, दुसरं त्या टेकडीवर, मध्ये नाला. पावसाळ्यात एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईला, एका गावातली चार घरं गाठायला सकाळ जाते.

माझ्या काळात तीन शिबिरं आली, तिन्ही शहरातून. पाच तासांत चारशे माणसं तपासली गेली. भागाकार करा, एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिट येतं. "अंग दुखतं, चक्कर येते." घ्या व्हिटॅमिन, घ्या पॅरासिटामॉल, पुढचा. ज्या मुलाला न्यूमोनिया आहे ते मूल रांगेत नसतंच, ते घरी झोळीत असतं. आणि एखाद्या बाईला रक्तदाब निघाला तर तिला पाच दिवसांची गोळी द्यायची. सहाव्या दिवशी ती कुणाकडे जाणार?

आता प्रोटीन पावडर. काका, हे मात्र खरंच नेऊ नका. अतिकुपोषित मुलाला पहिल्या दिवसापासून भरपूर प्रथिनं द्यायची नसतात. त्याचं यकृत, मूत्रपिंड, हृदय सगळं मंदावलेलं असतं, एकदम भार आला तर मूल दगावू शकतं. म्हणून पोषण पुनर्वास केंद्रात सुरुवातीला एफ-७५ नावाचं पातळ दूध देतात. १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमपेक्षाही कमी, मुद्दाम. भूक परत आली, सूज उतरली की मग एफ-१००, त्यात प्रथिनं जवळजवळ तीन ग्रॅम. तुमचा डबा म्हणजे दोन महिने उपाशी असलेल्या माणसाला थेट लग्नाच्या पंगतीत बसवणं.

अतिकुपोषित म्हणजे किती, हे बघायचं असेल तर आपल्याकडे दंड मोजायची एक कागदी पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला तर पट्टी लाल. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे काय ते कळायला घरातल्या लाटण्याच्या मधल्या भागाला दोरा गुंडाळून मोजा. जवळपास तेवढंच भरेल. आता तो दोन वर्षांच्या मुलाचा दंड आहे असं समजा.

रामबागकर
१३ सप्टेंबर, रात्री ११:२८

लाटणं मोजलं. बारा भरलं. झोप उडाली डॉक्टर.

कॉमनसेन्स
१४ सप्टेंबर, सकाळी ८:०२

सगळं खरं, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. सरकार इतकं देतं, रेशन, अंगणवाडी, प्रसूतीचे पैसे. त्यांना नको असतं. ताडी प्यायची, बडव्याकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, जायचं, लेकराला डागायचं. आधी अंधश्रद्धा घालवा. तोवर दोन लाख काय, दोन कोटी घाला.

पोहेवाला
१४ सप्टेंबर, सकाळी ८:१०

आले. रविवार सार्थकी लागला. सेव घेऊन बसतो.

सातपुड्या
१४ सप्टेंबर, सकाळी १०:३३

कॉमनसेन्स साहेब, "त्यांना" म्हणजे मला. मी धडगावचा पावरा आदिवासी, सध्या इंदुरात नर्सिंग करतो. सीमेच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला आम्ही पावरा, पलीकडे मध्य प्रदेशात बडवानीत आमचेच सोयरे बारेला. इथे मराठीत लिहिणारा पावरा असेल असं तुम्हाला वाटलं नसेल, ठीक आहे.

डागण्याबद्दल आधी. वाईट आहे, बंद व्हायलाच हवं. माझ्या चुलतभावाच्या पोटावर व्रण आहेत आणि माझी आई त्यावर आजही आजीशी भांडते. पण बडव्याकडे लोक का जातात ते ऐका. रात्री दोनला बाळाची छाती ओढायला लागली तर तो घरी असतो. तो आपल्या बोलीत बोलतो, मुलाचं नाव विचारतो, आजोबांचं नाव त्याला माहीत असतं. दवाखान्यात सिस्टर हिंदीत विचारते, "कब से बुखार है? उल्टी हुई? दूध पी रहा है?" आमची बाई तिन्हीला "हौ" म्हणते. पोरगं दूध पीत नाही हे सांगायलाच ती आली होती. मी वॉर्डात हे डोळ्यांनी पाहिलंय. मी मध्ये बोललो तेव्हा त्या बाईचा चेहरा बदलला, आणि सिस्टरचाही.

आणि बडव्यापेक्षा जास्त पैसा "बंगाली डॉक्टर", म्हणजे बिनपदवीचा डॉक्टर, नेतो. बाजाराच्या दिवशी बसतो, काहीही झालं तरी बाटली चढवतो. साहेब, त्यात अंधश्रद्धा कुठली? सुई-सलाइनवरची ही श्रद्धा तर शहरानेच शिकवली.

ताडीचं म्हणाल तर भगोरियाला, होळीच्या आधीच्या आदिवासी जत्रेला, झाबुआला किती इंदुरी गाड्या येतात आणि काय करून जातात तेही एकदा लिहा.

कॉमनसेन्स
१४ सप्टेंबर, सकाळी ११:१५

वैयक्तिक घेऊ नका. मी ढोबळ बोललो.

सातपुड्या
१४ सप्टेंबर, सकाळी ११:१९

ढोबळच नेहमी आमच्यावर पडतं. असो, राग नाही.

सुदामानगरची सून
१४ सप्टेंबर, दुपारी २:४०

सातपुड्या, छान लिहिलंस बाळा. मी धार जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका होते, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आता सुनेच्या हातचा चहा पिते, पण नाव तेच ठेवलंय.

रामबागकर भाऊ, कुपोषण नेमकं कुठे शिरतं ते सांगते. अंगणवाडी १९७५ पासून आहे, अगदी २ ऑक्टोबरला सुरू झाली. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत येतात, गरम जेवतात. ती बऱ्यापैकी तरतात. मरण असतं सहा महिने ते तीन वर्षं या वयात. ती मुलं येत नाहीत, त्यांना घरी न्यायचं पाकीट मिळतं. पाकीट घरी गेलं की आई एकट्या धाकट्याला कसं देईल? चार भावंडं तोंडाकडे बघत असतात. दोन दिवसांत पाकीट संपतं. यात कुणाची चोरी नाही, लबाडी नाही.

आणि आई दिवसभर शेतात. बाळ कुणाकडे? सात वर्षांच्या बहिणीकडे. मी एका फळियात गेले होते. अशीच एक पोर, कडेवर भाऊ, स्वतःच एवढीशी. त्याला मक्याची रोटी पाण्यात भिजवून भरवत होती. तो दोन घास खाऊन मान फिरवायचा, मग उरलेली ती खायची. मी म्हटलं, "त्याला दे ना." तर म्हणाली, "नाय खातू." लहान पोटाला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरवावं लागतं, तेल-तूप घालून. सात वर्षांच्या मुलीने ते करायचं? तिला स्वतःलाच कुणी भरवायला हवंय.

छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने यावर फुलवारी काढली. फळियातलीच बाई, तिच्याकडे तीन वर्षांच्या आतली आठ-दहा मुलं, दिवसभर खाऊ घालायचं. आई निश्चिंत, मोठी बहीण शाळेत. इतकं साधं आहे. आणि आपल्या झाबुआत "मोटी आई" मोहीम झाली, तिला पंतप्रधान पुरस्कारही मिळाला. वस्तीतल्याच वयस्क बायांना शिकवायचं, त्यांनी कुपोषित मुलांना मालिश करायची, समोर बसून जेवू घालायचं. भिलीत मोटी आई म्हणजे आपलीच मोठी आई.

पोहेवाला
१४ सप्टेंबर, दुपारी ३:०१

"मोटी आई" वाचून आमच्या आईसाहेब विचारतायत की ही मोहीम तिच्या वजनावर आहे का. (हलके घ्या. तीसुद्धा घेत नाहीये.)

नाना_तिलकनगर
१४ सप्टेंबर, सायंकाळी ५:५०

मी ७८ वर्षांचा. टंकायला वेळ लागतो, नातू मदत करतोय.

नोकरीत असताना पाण्याच्या योजनांच्या निमित्ताने झाबुआत हिंडलो. तेव्हा नारू होता. आताच्या मुलांना शब्दही माहीत नसेल. पायातून दोरीसारखा पांढरा जंत बाहेर येई, हात-दीड हात लांब. ओढला तर तुटायचा आणि पाय सडायचा. म्हणून आगकाडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढत. पेरणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस ओसरीवर पाय पसरून काडी धरून बसलेला, आणि बायको एकटी शेतात. ते चित्र अजून जात नाही.

नारूवर औषध नव्हतं. लस नव्हती, आजही नाही. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की पाण्यात अळ्या सुटायच्या, तेच पाणी सगळे प्यायचे. तो गेला कसा? बावड्यांच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं, आणि घरोघरी जाऊन दुहेरी फडक्याने पाणी गाळायला शिकवलं. एकदा शिकवून नाही. परत जाऊन फडकं फाटलंय का ते बघायचं. आपल्या इंदुरच्या बरली संस्थेने आदिवासी मुलींना शिकवून हे काम केलं, त्याचं पुढे जगभर कौतुक झालं. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

रामबागकर, तुमच्या बसला माझा विरोध नाही. पण फडकं फाटलं का हे बघायला परत कोण जाणार ते आधी ठरवा.

अकोटकर
१४ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

नानांना साष्टांग. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी तेच केलं. गावातली बाई शिकवली, ती नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, वजन करते, श्वास मोजते, ऊब बघते. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि त्या ३९ गावांतला बालमृत्युदर हजारी १२१ वरून पुढे ३० वर आला. आज देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाकडे जातात ते त्यातूनच. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही. सहा-सात फेऱ्या, एकही बस नाही.

कोकणस्थ_इन_मालवा
१४ सप्टेंबर, रात्री ८:१५

अवांतर: तिकडचे लोक खातात काय? माझ्या ऑफिसातला झाबुआचा मुलगा डब्यात एकदा पळसाच्या पानात भाजलेलं मक्याचं काहीतरी घेऊन आला होता. अप्रतिम.

सातपुड्या
१४ सप्टेंबर, रात्री ८:२२

पानिया. उडदाच्या डाळीबरोबर खायचं. मक्याची ताकातली राबडी, ज्वारी, चवळी, अंबाडीची भाजी, पावसाळ्यात टाकळा, मासे, खेकडे, घरची कोंबडी. आजीच्या ताटात हे सगळं होतं. माझ्या ताटात रेशनचा तांदूळ आणि पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट आलं. सरकारी तक्ते आम्हाला आहार शिकवतात तेव्हा आजी हसते.

पोहेवाला
१४ सप्टेंबर, रात्री ८:२५

दाल-पानिया विरुद्ध दाल-बाफले, होऊन जाऊ द्या. बाफल्यावर तूप किती हा उपप्रश्न.

कोकणस्थ_इन_मालवा
१४ सप्टेंबर, रात्री ८:३१

टाकळा? आमचा रत्नागिरीचा टाकळा? खोबरं घालून?

नाना_तिलकनगर
१४ सप्टेंबर, रात्री ८:५८

तोच. तिकडे चकोडा म्हणतात, खोबरं मात्र विसरा. झाबुआ-धारच्या काही गावांत हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की दात पिवळे-तपकिरी, पुढे हाडं वाकडी. आम्ही नारू घालवायला जे पंप खोदले, त्यातल्या काहींतून हे वर आलं, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तिथे मुलांच्या जेवणात चकोड्याची पानं पुन्हा आणली. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. पाणी तर बदलावंच लागतं, नुसत्या भाजीने भागत नाही.

व्यवस्थापक
१४ सप्टेंबर, रात्री ९:०५

बाफल्यांसाठी पाककृती विभाग आहे. इथे मूळ प्रश्नावर या.

बडोदेकर
१५ सप्टेंबर, सकाळी ७:४८

मूळ प्रश्नावर: रविवार कुठला ठरवलाय? दिवाळीच्या पुढे ढकललात तर गावात म्हातारी माणसं आणि बकऱ्या भेटतील.

मी बडोद्यात बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहे. आमच्याकडचे निम्म्याहून जास्त मजूर अलिराजपूर, झाबुआ, दाहोद, छोटा उदेपूरचे. दिवाळी झाली की जीप भरभरून येतात, इथून काही सुरतेला, भरूचला, मोरबीला जातात. होळीला, भगोरियाला परत. बायका-पोरं बरोबर असतात. साइटवर निळ्या ताडपत्रीखाली संसार, वाळूच्या ढिगावर पोरं. लसीची तारीख तिकडे, मूल इकडे. तिकडच्या अंगणवाडीच्या वहीत "बाहेरगावी", इकडच्या वहीत नावच नाही. आता मोबाइलवर नाव इकडून तिकडे फिरवायची सोय आहे म्हणतात, पण साइट तीन महिन्यांत बदलते. ताई विचारते पत्ता काय, तर पत्ता म्हणजे "ते अर्धं टॉवर".

याच माणसांतली काही पूर्वी गोध्र्याकडच्या दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत गेली आणि सिलिकोसिस घेऊन गावी आली. फुफ्फुसात दगड. क्षयाची औषधं खात राहिली, गुण येईना. कोर्टात गेलं ते प्रकरण, सर्वोच्च न्यायालयापर्यंत.

अन्नपूर्णा
१५ सप्टेंबर, सकाळी १०:२०

सगळं वाचलं. एक सुचवू? डबे नको असतील तर दूध पावडर, गूळ-शेंगदाणे, खजूर द्यावेत. अशा कामात अंडीही वाटतात असं वाचलं. गणपतीच्या वर्गणीतून अंडी नकोत एवढीच विनंती. लोकांनी श्रद्धेने दिलेले पैसे आहेत.

सातपुड्या
१५ सप्टेंबर, सकाळी १०:४१

काकू, तुमच्या श्रद्धेचा मान आहे. फक्त माहिती देतो. धडगावात, महाराष्ट्राच्या अमृत आहार योजनेत, लहान मुलांना अंडं मिळतं. जो खात नाही त्याला केळी. नदी ओलांडली की मध्य प्रदेश. तिथे २०१५ साली अंगणवाडीत अंडी द्यायचा विषय आला तेव्हा मुख्यमंत्र्यांनी नकार दिला, नंतर पुन्हा निघाला, पुन्हा थंड झाला. पलीकडची माझी मावसबहीण घरी अंडं खाते, अंगणवाडीत नाही. नदी तीच, कोंबडीही तीच.

स्टेथो
१५ सप्टेंबर, सकाळी ११:१०

अंड्याला सालच इतकं चांगलं की भेसळ करता येत नाही, मोजायला सोपं, आणि मोठी भावंडं वाटून घेऊ शकत नाहीत. एवढ्याचसाठी मला आवडतं. पण काकूंचं शेंगदाणा-गूळही वाईट नाही, तेल असतं त्यात. फक्त लहानग्यांना दाणे अख्खे देऊ नका, कूट करा. घशात अडकतात.

पोहेवाला
१५ सप्टेंबर, सकाळी ११:१३

झाबुआचा कडकनाथ कोंबडा काळा आहे, त्याला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे, आणि त्याचं अंडं काळं नसतं. माझं सामान्यज्ञान संपलं.

सुदामानगरची सून
१५ सप्टेंबर, सकाळी ११:५०

कडकनाथाची पिल्लं वाटली होती आमच्याकडे, "कुपोषणावर". ज्या घरी मोठी झाली त्या घराने विकली. खाल्ली का नाहीत, असं मी विचारलं तर बाई म्हणाली, "तुम्ही सोनं खाता का?"

रामबागकर
१५ सप्टेंबर, रात्री १०:०२

लोहाच्या गोळ्यांबद्दल कुणी बोललं नाही. त्या तरी न्याव्यात ना? दहा हजारांच्या घेऊन ठेवल्यात.

स्टेथो
१५ सप्टेंबर, रात्री १०:४४

काका, तुम्ही आधी खरेदी करता आणि मग विचारता.

गोळ्या सरकारकडून फुकट येतात, कमी पडतात असं क्वचितच. त्या पोटात जात नाहीत. रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, शी काळी होते, सासू म्हणते बंद कर. गोळीपेक्षा ती जेवणानंतर घे, चहाबरोबर नको, हे दर आठवड्याला सांगणारं माणूस हवं. आपल्याकडे रतलामच्या डॉ. लीला जोशींनी उतारवयात आदिवासी बायकांच्या रक्तक्षयावर हेच चिवटपणे केलं, २०२० साली पद्मश्री मिळाली.

दुसरं, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हा पट्टा त्याचा. अशा रुग्णाचं रक्त कमी असतं ते लोह कमी म्हणून नव्हे, पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात म्हणून. वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह उलट साचलेलं असतं. त्याला फॉलिक अॅसिड, भरपूर पाणी, काहींना हायड्रॉक्सियुरिया हे औषध. लोह तपासल्याशिवाय नाही. २०२३ च्या जुलैत शहडोलला राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांच्या आतल्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, कार्डं दिली जातायत. तुम्ही मैदानात उभे राहून मूठमूठ गोळ्या वाटल्यात तर ते कार्ड कोण बघणार?

दुकानदार परत घेत असेल तर बघा.

रामबागकर
१५ सप्टेंबर, रात्री १०:५१

घेतो म्हणाला, दहा टक्के कापून. बैठक बोलावतो.

हिशेबी
१७ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी मुळात बंद करा म्हणालो होतो, पण आता प्रश्न पडलाय. डबे नको, गोळ्या नको, शिबिर नको. मग माणसाने दोन लाखांचं करायचं काय? नेहमी हेच होतं. जाणकार सगळं खोडून काढतात आणि पैसा शेवटी स्पीकरवर जातो.

सुदामानगरची सून
१७ सप्टेंबर, दुपारी ३:१२

रास्त आहे. म्हणून ठोस सांगते.

पोषण पुनर्वास केंद्रात मूल १४ दिवस ठेवतात. आईला जेवण, मुलाला औषध-दूध, बुडालेल्या मजुरीचे पैसेही मिळतात. तरी आया पाचव्या-सहाव्या दिवशी निघून जातात. आम्ही बैठकीत म्हणायचो "जागरूकता कमी". मग एकदा मी एकीला बस स्टँडवर गाठलं. कडेवर लाल पट्टीवालं मूल, बोटाला चार वर्षांची मुलगी. मी रागावले. ती ओरडली नाही, हिशेब सांगितला. घरी बकऱ्या शेजारणीवर टाकल्यात, ती चार दिवसांचंच बोलली होती. मजुरीचे पैसे खात्यात येणार, खातं नवऱ्याचं, पासबुक त्याच्याबरोबर गुजरातेत. आणि ही मुलगी. केंद्रात पलंग एक, ताट आईचं एक. ताट दोघींत, म्हणजे आई अर्धपोटी, आणि अंगावर पिणारं मूल. "माझं दूध आटलं तर तुमच्या दुधाचं काय करू?"

मी तिला परत नेऊ शकले नाही. ती बस मी थांबवली असती तर, असं आजही वाटतं.

तर भाऊ, त्या चार वर्षांच्या मुलीचं ताट द्या. सरकारी तक्त्यात ते मला कधी दिसलं नाही. आणि १४ दिवसांनंतर दर पंधरा दिवसांनी चार वेळा दाखवायला यायचं असतं. तिथे बरीच मुलं गळतात आणि पुन्हा लाल होतात.

हिशेबी
१७ सप्टेंबर, दुपारी ३:४०

फेरीचे पैसे सरकार देतं ना पण?

सुदामानगरची सून
१७ सप्टेंबर, दुपारी ३:४४

देतं. नंतर. जीपवाला आधी मागतो.

रामबागकर
५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

उशीर झाला, पण काही घडलंय म्हणून लिहितो.

बैठक तीन तास चालली. दोघे जण रागावून गेले, एक परत आला. मग मी, खजिनदार आणि सातपुड्या असे तिघे बसने गेलो, बॅनरशिवाय. (सातपुड्या, तुझे उपकार. तू नसतास तर आम्हीही सगळ्याला "हौ" घेऊन आलो असतो.) तिकडच्या एका केंद्रात आहार बघणाऱ्या ताईंशी बोललो. त्यांनी आधी विचारलं, "कितने लोग आएँगे फोटो के लिए?" कुणी नाही म्हटल्यावर खुर्ची दिली.

हिशेब असा बसला. सोबतच्या भावंडाचं दोन वेळचं जेवण ६० रुपये, १४ दिवसांचे ८४०. जीप जाऊन-येऊन १२०, चार फेऱ्यांचे ४८०. म्हणजे एका मुलामागे १,३२०. दीडशे मुलं धरली तर १ लाख ९८ हजार. गोळ्यांचे हजार बुडाले ते वजा करून उरतात अकरा हजार. त्यात फळियात जाऊन आठवण करून द्यायला तिथल्याच एका आजींना महिन्याला थोडं. सातपुड्याने त्यांना "मोटी आई" म्हटलं तर लाजल्या.

जेवण बचत गटाच्या बाया करणार, त्यांच्या पद्धतीने. अंडं असेल की नाही हे आम्ही विचारलं नाही. अन्नपूर्णा वहिनी, राग मानू नका.

अन्नपूर्णा
५ ऑक्टोबर, रात्री ९:५५

मानला नाही. माझ्याकडून दोन मुलांचे घ्या. आणि विचारलं नाहीत ते बरं केलंत.

कॉमनसेन्स
५ ऑक्टोबर, रात्री १०:१५

एका मुलाचे माझे. सातपुड्या, त्या दिवशी मी जरा ढोबळच बोललो.

पोहेवाला
५ ऑक्टोबर, रात्री १०:१८

पाच मुलांचे माझे. पण मुख्य प्रश्न राहिला. बॅनरचं काय झालं?

रामबागकर
५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

केंद्राच्या मागच्या खिडकीतून पावसाची झड आत यायची. पुढच्या खेपेला नेऊन तिथे बांधला. छापलेली बाजू बाहेर, नाल्याकडे. म्हशींना मंडळाचं नाव पाठ झालं असेल.

रामबागकर
९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०५

ताजी खबर. पहिल्या सहा मुलांपैकी पाच पूर्ण १४ दिवस राहिली. सहावी आई दहाव्या दिवशी गेली, तरी फेरीला आली होती. पट्टी पिवळी झाली चौघांची. आज दुसऱ्या फेरीचा दिवस होता, सहातली चारच आली. आजी घरी जाऊन आल्या, दोन्ही घरांना कुलूप. दिवाळीनंतर जीपने गेले म्हणतात, बडोद्याकडे. त्यातल्या एकाचा दंड अजून ११.७ आहे.

बडोदेकर
९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२२

गावाचं आणि फळियाचं नाव निरोपातून पाठवा, इथे टाकू नका. मुकादमाचं नाव कळलं तर अजून सोपं. वाघोडिया रोडच्या दोन साइटवर सोंडव्याची माणसं उतरली आहेत, उद्या सकाळी हजेरीच्या वेळी विचारतो. मोजायची पट्टी इथे कुठे मिळेल ते स्टेथो सांगा.

स्टेथो
९ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२५

जवळच्या अंगणवाडीत मागा. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. ओढून धरू नका.